माळढोकाच्या कुरणावर

माय, गेल्या आठवड्यात मी आपल्या कुरणावर जाऊन आले. तू गेल्यापासून मी तिकडं फिरकले नव्हते. वनखात्यातल्या एका तरुण अधिकारी बाईंचा फोन आला होता. या कुरणाची शेवटची राखणदार एक बाई होती आणि तिची मुलगी नांदेडला राहते, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "पूर्वी माळढोक नेमके कुठं बसायचे ते दाखवाल का, मॅडम?" म्हणाल्या. मी हो म्हणून बसले. सुनेनं विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, गावाकडचा. आमच्या घरात तुझा फोटो आहे, त्याला जयंतीला हार घालतात, पण तू काय काम करत होतीस ते पोरांना धड सांगितलेलं नाही. 'जंगल खात्यात होती' एवढंच त्यांना माहीत आहे. आणि तिथं जंगल तर नव्हतंच. नुसतं गवत होतं.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं तुला पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. उदगीरला शिकायला होते तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचे. आज निरोप न्यायला कुणी नाही म्हणून लिहिते आहे.

कुरणाच्या फाटकाशी असलेली आपली पत्र्याची खोली आता नाही, जोतं तेवढं उरलं आहे. चूल कुठं होती ते मी चाचपून काढलं. दारातून आत आलं की उजव्या हाताला. तू चुलीपुढं बसतेस, भाकरी थापतेस, आणि तोंड मात्र दाराकडं, कारण दारातून अर्धं कुरण दिसतं. भाकरी करपली की मी ओरडायचे, आणि तू म्हणायचीस, "करपू दे. तिकडं कुणाची तरी म्हैस शिरून राहिली बघ." बाबा कावीळ होऊन गेले आणि त्यांच्या जागी साहेबांनी तुला रोजंदारीवर ठेवलं, तेव्हा गावात सगळे हसले होते. बाई माणूस, त्यात आपल्या वस्तीतलं, आणि ती पाटलाच्या गुराख्याला अडवणार! तू पदर खोचून बाबांची काठी हातात घेतलीस. ती तुझ्या उंचीला मोठी होत होती, म्हणून खालून तासून घेतलीस.

एक सकाळ मला फार आठवते. पाऊसकाळ नुकताच लागला होता, तो शेवटचा धड पाऊसकाळ. तू मला हलवून उठवलंस, तोंडसुद्धा धुऊ दिलं नाहीस. कुसळं पायाला टोचत होती, मी कुरकुरत होते. बोरीच्या एका झुडपाआड तू मला खाली दाबून बसवलंस. समोरच्या उघड्या माळावर तो उभा होता. मला आधी वाटलं कुणीतरी पांढरं धोतर वाळत घातलं आहे. गळ्याची पिशवी फुगून पार जमिनीपर्यंत लोंबत होती, शेपूट उलटं पाठीवर आलं होतं, आणि मधूनच पोटातून निघाल्यासारखा हुंकार टाकायचा, तो कानापेक्षा छातीत जास्त ऐकू यायचा. "नवरदेव हाय," तू माझ्या कानात म्हणालीस. "बघ की कसा मिरवून राहिला. आन् ती बघ, तिकडं किडे टिपून राहिली, ढुंकून बगत न्हाई." तू तोंडावर पदर दाबून हसत होतीस. बाबा गेल्यानंतर तुला तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग आपला जिल्हा नवा झाला आणि पाऊस गेला. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकत्रच आहेत. पेढे वाटले, तालुक्याला मिरवणूक निघाली, आणि त्या साली ज्वारी गुडघ्याला आली नाही. पुढच्या साली तर पेरणीच झाली नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. गावातली माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेली, आणि जनावरं दावणीला हाडं मोजत उभी राहिली. आपल्या भागातली गाय म्हणजे देवणी, तिला बघायला कर्नाटकातून माणसं यायची. त्या गायींची कातडी बरगड्यांना चिकटली. साऱ्या शिवारात हिरवं काही नव्हतं, पिवळं म्हणशील तर एकट्या आपल्या कुरणात होतं. चर आणि तारेच्या आत पवन्या आणि मारवेल गवत कमरेइतकं वाळून उभं, आणि बाहेर भेगाळलेली काळी जमीन.

त्या वर्षी नर चार दिवस मिरवून निघून गेला. मादी मात्र राहिली. आषाढ लागला, तरी ढगाचा पत्ता नव्हता. तू सांगितलंस, ती बसली आहे. एकच अंडं, उघड्या जमिनीवर, ना काडी ना घरटं. कुरणाच्या मधोमध, हिवराच्या झाडापुढच्या उतारावर.

त्याच सुमारास पाटील आले. तुला आठवत असेल, ते फाटकाच्या बाहेरच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हातारा वाईट नव्हता. आपल्या दावणीला जी वानेरी गाय होती, पांढरीशुभ्र आणि तोंडाला दोन्ही बाजूंनी काळी, ती कालवड असताना त्यांनीच बाबांना अर्धलीवर, निम्म्या वाट्याच्या बोलीनं, दिली होती. ते म्हणाले, "बाई, सरकारचं सरकारपाशी. जनावरं मरून राहिलीत. महिनाभर फाटक उघडा. तुमच्या दावणीला बी आमचीच गाय हाय, तिच्याकडं तरी बगा."

तू म्हणालीस, "मालक, चरायला न्हाई सोडायची. पण कापून न्या. कडंकडंनं कापा, भारे न्या, मी कुणाला अडवायची न्हाई. मधी तेवढं जाऊ नका. पाखरू बसलंय."

"पाखरू?" त्यांच्यामागं त्यांचा धाकटा मुलगा उभा होता, तो हसला. म्हाताऱ्यानं त्याला गप्प केलं आणि "बरं, कापून नेऊ" म्हणाला.

कापायला तरी परवानगी हवी म्हणून तू मला नव्या जिल्ह्याच्या गावी धाडलंस. माझी परीक्षा होऊन गेली होती, मी घरीच होते. दोन गाड्या बदलून गेले. वनखात्याची कचेरी एका भाड्याच्या बंगल्यात होती, टेबलं अजून अंगणात होती, आणि एक माणूस पाटी रंगवत होता. आतल्या साहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तो भाग अजून आमच्या ताब्यात आला नाही, जुन्या जिल्ह्याला विचारा. जुन्या जिल्ह्याला गेले तर तिथं म्हणाले, आता तुम्ही आमचे राहिला नाहीत. कुणी वाकडं बोललं नाही. एकानं तर बसायला खुर्ची दिली. मी रिकाम्या हातानं परत आले आणि तुला सांगितलं तेव्हा तू चुलीत काटक्या सारत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मंग मीच परवानगी."

दुसऱ्या दिवसापासून बाया विळे घेऊन आल्या. आपल्या वस्तीतल्या आल्या, मराठ्यांच्या आल्या, लिंगायतांच्या आल्या. तू त्यांना रेघ आखून द्यायचीस, इथवर कापा. मधल्या भागाभोवती तू बोरीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्यास. त्या काही दिवसांत फाटकाशी जी गडबड असायची तशी मी तिथं कधी पाहिली नव्हती. बाया डोक्यावर भारे घेऊन जाताना तुला हाक मारून जायच्या. आणि आपली गाय फाटकाला बांधलेली, मान लांब करून त्या भाऱ्यांकडं बघायची.

तिला तू एक भारासुद्धा घातला नाहीस. ते मला सहन होत नव्हतं. मी एकदा विळा घेऊन निघाले तर तू माझ्या हातातून काढून घेतलास. मी खूप बोलले. म्हटलं, सगळ्या गावाची जनावरं जगवतेस आणि आपलीच मारतेस? तू म्हणालीस, "राखणदारीन हाय मी. माझ्या दावणीला एक पेंढी दिसली का उद्या दहाजण म्हनतील, हिनं खाल्लं, आमी कामून न्हाई? मंग कोनत्या तोंडानं अडवू?" मी म्हटलं, त्या एका पाखरासाठी? त्यावर तू आवाज चढवलास. तू माझ्यावर क्वचितच ओरडलीस, म्हणून शब्द न शब्द लक्षात आहे. "गाय छावनीला जाईल. मानसाच्या दारात उभी राहून हंबरंल, कुनीतरी तुकडा टाकंल. त्या पाखरानं कुनाकडं मागावं? त्याला जायाला दुसरं रान हाय का?" गाय छावणीला गेलीच नाही. छावणी लांब होती आणि तिच्यात चालायची ताकद उरली नव्हती. एका सकाळी ती उठली नाही. तू तिच्या तोंडाशी बसून राहिलीस, तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी कुरवाळत. ऊन अंगावर आलं तरी उठली नाहीस. मी तुझ्याशी बोलत नव्हते.

भाऱ्यांनी भागत नाही म्हणत पाटलाच्या धाकट्यानं तार तोडली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. भर दुपार होती. आधी मला जमीन थरथरल्यासारखी वाटली. दारात येऊन पाहते तर चर दगडमातीनं बुजवलेला, त्यावरून गावची सगळी जनावरं आत येत होती आणि मागून पोरं हाकत होती. हाकायची गरजच नव्हती. गवताच्या वासानं ती हाडं धावत सुटली होती. तू भाकरीच्या पिठाच्या हातानंच पळालीस. फाटकाकडं नाही, तारेकडं नाही, सरळ मधल्या उतारावर. मी मागून धावत होते. तू हात पसरून उभी राहिलीस, "हैऽ हैऽ" करून काठी आपटत, आणि खरंच, पुढच्या दोन-तीन गायी वळल्या. तेवढ्यात तो धाकटा पुढं आला. "सर बाजूला. सरकारची लई लाडकी झालीस का?" म्हणाला आणि मग आपल्या जातीचं नाव घेऊन जे बोलला ते मी लिहीत नाही. तू म्हणालीस, "दादा, थोडं थांबव. तेवढा उतार सोड, बाकीचं समदं घे." त्याला तू दादा म्हणालीस, माय. त्यानं तुला दोन्ही हातांनी ढकललं. तू दगडावर कुल्ल्यावर पडलीस आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी तुझ्या अंगावर आडवी पडले. जनावरं आपल्या दोन्ही बाजूंनी गेली. त्यांच्या खुरांची माती तोंडात येत होती.

बैलगाडीत घालून तुला उदगीरच्या दवाखान्यात नेलं ते आपल्या वस्तीतल्या माणसांनी. तिथं पोलीस जमादार आला. त्यानं लिहिलं, जनावरांच्या धक्क्यानं पडली. मी म्हटलं, असं नाही. तू माझा हात दाबलास. जमादार गेल्यावर मी तुझ्याशी भांडले, तेही तुला वेदना होत असताना. तू डोळे मिटून म्हणालीस, "पाणी त्याच गावाच्या हिरीचं प्यायचंय. टँकर बी त्याच्याच दारात उभा राहतो." मग थोड्या वेळानं विचारलंस, "अंडं?"

तुझे कपडे आणायला घरी गेले तेव्हा मी उतारावर जाऊन पाहिलं. तुला मी 'दिसलं नाही' असं सांगितलं होतं. टरफलं होती, मातकट हिरवट, त्यावर तपकिरी डाग. खुराच्या खड्ड्यात दाबली गेली होती, आणि मुंग्या लागल्या होत्या. मादी लांब उभी होती. थोडी चालायची, थांबायची, त्या जागेकडं मान करून बघायची. लपायला गवत उरलं नव्हतं, म्हणून इतक्या लांबूनही दिसत होती. वस्तीतल्या बाया म्हणाल्या की ती काही दिवस तशीच हिंडत होती. त्यानंतर तिथं माळढोक कुणी पाहिला नाही.

ताब्याचा घोळ मिटल्यावर नव्या जिल्ह्याचे साहेब आले. गवत परवानगीशिवाय कापलं कुणी, म्हणाले. तू खरं ते सांगितलंस. तुझं काम गेलं. त्याच्या पुढच्या साली पाऊस आला आणि पावसाबरोबर झाडं लावण्याचा कार्यक्रम आला. त्या कुरणात रांगेनं खड्डे मारून गिरिपुष्पाची परकी झाडं लावली. फोटो काढले, गुलाल उधळला. तू लंगडत बघायला आली होतीस. आपल्याच वस्तीतल्या बाया खड्डे मारत होत्या, त्यांना मजुरी हवीच होती. परत येताना तू एवढंच म्हणालीस, "झाड लावलं का समद्यास्नी वाटतं पुन्य झालं. गवताला कुनी झाड म्हनत न्हाई."

मला कंधार तालुक्यातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली आणि मी तुला घेऊन गेले. तिथल्या खोलीच्या पायरीवर तू बसायचीस, एक पाय लांब करून. शाळेच्या आवारात शेळी शिरली की बसल्या जागेवरून काठी आपटायचीस. पोरं तुला घाबरायची. गावाकडचं कुणी आलं की तू पावसाचं विचारायचीस, कुणाची लेक कुठं दिली ते विचारायचीस. कुरणाचं कधीच विचारलं नाहीस. मीही काढलं नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही.

तर गेल्या आठवड्यातलं सांगते. गिरिपुष्प तोडून टाकलं आहे. नुसती खुंटं आहेत सगळीकडं. त्या अधिकारी बाई माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असतील, बूट घालून भरभर चालत होत्या. म्हणाल्या, "चूक झाली होती मॅडम, माळावर जंगल उभं करायचं नसतं. आता इथं पुन्हा मूळचं गवत आणायचं. काळवीट येतील, खोकड येईल, लांडगेही येतील." मी विचारलं, "आणि माळढोक?" त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. म्हणाल्या, "आधी गवत तर येऊ द्या." मी त्यांना उतार दाखवला. हिवर अजून आहे. त्यांनी तिथं खुणेचा खांब रोवायला सांगितलं आणि दुसरीकडं निघून गेल्या. मी एका खुंटावर बसले.

तिथं तो आला. मी ओळखलं नाही. काठी टेकत एक म्हातारा येऊन समोरच्या खुंटावर बसला आणि म्हणाला, "राखणदारनीची लेक का तुमी?" मी हो म्हटलं. "मी पाटलाचा धाकटा," तो म्हणाला. मला वाटलं होतं की हा माणूस कधी समोर आला तर मी काय काय बोलेन. इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेलं होतं.

तोच म्हणाला, "गायी वाचल्या का, ते न्हाई इचारलं तुमी."

मी म्हटलं, "वाचल्या का?"

"कुठल्या! हप्त्याभरात कुरण फस्त. मंग लांबच्या छावनीला नेल्या, तितं खुरकताचा रोग आला. आमच्या दावनीची एक बी माघारी आली न्हाई. त्याच साली बाबानं हातरून धरलं. तवापासून घरात देवनी न्हाई. पोरानं जर्सी आनल्यात." तो खुंटाच्या सालीत काठीचं टोक फिरवत होता. "तुमच्या मायचं ऐकून कापूनच नेत राह्यलो असतो, तर पावसापातूर पुरलं असतं. बाबा मरेस्तवर हेच बोलत होता मला."

त्यानं माफी मागितली नाही. मागायची होती की नाही, कळलं नाही. उन्हानं त्याला धाप लागली होती. "पानी हाय का?" म्हणाला. मी माझी बाटली दिली. तो तोंड लावून प्याला, बाटलीचं झाकण नीट लावलं, परत दिली, आणि उठून गेला. मी बराच वेळ त्याच्या पाठीकडं बघत होते. पाठ पार वाकली आहे.

माय, त्याच्या गायी मेल्या हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं, आणि नंतरही वाईट म्हणावं तेवढं वाटलं नाही. त्या मुक्या जनावरांनी आपलं काय केलं होतं? ती भुकेली होती, आणि तुझा हात दिसला की बाजूला वळलीसुद्धा होती. हे सगळं मला कळतं. तरी नांदेडला परत येताना गाडीत खिडकीशी बसून मी तेच पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते, एक बी माघारी आली न्हाई, एक बी माघारी आली न्हाई, आणि प्रत्येक वेळी बरं वाटत होतं. घरी कुणाला हे बोलले नाही. तू असतीस, तर तुलाही सांगितलं नसतं.